स्कूबा डायव्हिंगमधील खोकला, शिंक आणि बोट लागणे : कारणे, धोके व उपाययोजना

सारांश

स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याखाली खोकला येणे, शिंक येणे किंवा उलटी होणे या कल्पनेने नवशिक्या व्यक्ती धास्तावते. प्रत्यक्षात या तिन्ही प्रतिक्षिप्त क्रिया श्वसनयंत्र तोंडात ठेवूनच सुरक्षितपणे पार पडू शकतात. क्रियेनंतर नकळत आत ओढला जाणारा श्वास आणि त्या घाबरलेल्या क्षणी श्वास कोंडून पृष्ठभागाकडे घेतलेली धाव यांत खरा धोका असतो. प्रस्तुत लेखात या क्रियांचे शरीरशास्त्रीय स्वरूप, श्वसनयंत्राची रचना, सर्दी व बोट लागणे यांची कारणे आणि औषधांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. विद्यार्थ्यांच्या सहलीसोबत जाणाऱ्या प्राध्यापकांच्या दृष्टीने किनाऱ्यावर घ्यावयाच्या निर्णयांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्कूबा डायव्हिंग, प्रतिक्षिप्त क्रिया, बॉइलचा नियम, मध्यकर्ण, बोट लागणे, सागरी पर्यटन.

प्रस्तावना

पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याची मानवाची इच्छा प्राचीन असली, तरी पाठीवर हवेची टाकी घेऊन मुक्तपणे संचार करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले ते विसाव्या शतकात. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी मागणीनुसार हवा पुरविणारा रेग्युलेटर विकसित केला. त्यातून आजच्या स्कूबा डायव्हिंगची पायाभरणी झाली. महाराष्ट्रात मालवण, तारकर्ली व देवबाग या परिसरात हा उपक्रम आता पर्यटनाचे एक महत्त्वाचे अंग बनला आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यामुळे प्राणिशास्त्र, भूगोल व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही या किनाऱ्याचे विशेष आकर्षण आहे.

अशा ठिकाणी बहुसंख्य पर्यटक पूर्ण प्रशिक्षण घेत नाहीत. ते प्रशिक्षकाच्या सोबतीने काही मिनिटांची परिचयात्मक बुडी घेतात. पोहता न येणाऱ्या व्यक्तींचाही त्यांत समावेश असतो. थोडक्या वेळात दिलेल्या सूचनांमध्ये हातांच्या खुणा आणि कानांवरील दाब कमी करण्याची पद्धत समजावली जाते. परंतु ‘पाण्याखाली खोकला आला तर काय करायचे?’ हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. विचारण्याचा संकोच वाटतो, किंवा होडीत बसल्यावर मळमळू लागल्याने तो सुचतही नाही. या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१. पाण्याखालील श्वसन व दाब

समुद्रसपाटीला हवेचा दाब एक वातावरण इतका असतो. समुद्रात सुमारे दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजेच १० मीटरवर एकूण दाब २ वातावरण, तर २० मीटरवर ३ वातावरण इतका होतो. टाकीतील हवा साधारणतः २०० बार इतक्या उच्च दाबाखाली भरलेली असते. रेग्युलेटर हा दाब दोन टप्प्यांत उतरवतो. टाकीला जोडलेला पहिला टप्पा तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इथवर आणतो. तोंडात धरावयाचा दुसरा टप्पा नेमक्या भोवतालच्या दाबाची हवा देतो, आणि तीही श्वास आत घेताच.

या दुसऱ्या टप्प्याची रचना प्रस्तुत विषयात महत्त्वाची आहे. त्यात एक लवचिक पडदा असतो. श्वास आत घेतला की पडदा आत ओढला जातो आणि हवेची वाट उघडते. श्वास सोडला की ती हवा खालच्या बाजूच्या एकमार्गी झडपेतून पाण्यात जाते. पुढील बाजूस एक बटण असते. ते दाबल्यास टाकीतील हवा जोराने येऊन आत शिरलेले पाणी बाहेर लोटते. तोंडातून वेगाने बाहेर पडणारी हवाही याच एकमार्गी झडपेतून निघून जाते. म्हणून खोकताना किंवा शिंकताना हे यंत्र तोंडातून काढण्याची आवश्यकता नसते.

दुसरी लक्षात घ्यावयाची बाब म्हणजे बॉइलचा नियम. तापमान स्थिर असता वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १० मीटर खोलीवर फुप्फुसांत ५ लिटर हवा असेल आणि श्वास कोंडून व्यक्ती पृष्ठभागावर आली, तर ती हवा १० लिटर जागा मागते. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हीच वाढ केवळ एकतृतीयांश असते. याचा अर्थ असा की सर्वांत मोठा सापेक्ष बदल शेवटच्या, म्हणजे सर्वांत उथळ १० मीटरमध्ये घडतो. पूर्ण भरलेली फुप्फुसे कोंडून धरली असता अवघे एक-सव्वा मीटर वर येणेही वायुकोश फाटण्यास पुरेसे ठरू शकते. ही खोली जलतरण तलावाच्या उथळ टोकाइतकी आहे. फाटलेल्या वायुकोशांतून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे गेल्यास जीवघेणी अवस्था निर्माण होते. ‘बुडी उथळ आहे, तेव्हा भीती नाही’ हा समज म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

२. तिन्ही क्रियांतील साम्य

खोकला, शिंक आणि उलटी या शरीराने नको असलेली वस्तू बाहेर टाकण्यासाठी योजलेल्या क्रिया होत. खोकल्यात प्रथम खोल श्वास घेतला जातो. नंतर कंठद्वार क्षणभर बंद होते, छातीतील दाब वाढतो आणि कंठद्वार एकदम उघडून हवा वेगाने बाहेर फेकली जाते. शिंकेचा क्रमही साधारण असाच असून तिची सुरुवात नाकातील अंतस्त्वचेला पोहोचलेल्या त्रासाने होते. उलटीत पोटाचे स्नायू व श्वासपटल आकुंचन पावतात आणि श्वासमार्गाच्या रक्षणासाठी कंठद्वार बंद राहते.

पाण्याखालील परिस्थितीत यांतील दोन टप्पे महत्त्वाचे ठरतात. पहिला टप्पा कंठद्वार बंद होण्याचा. तो अल्पकाळ असला, तरी त्या वेळी व्यक्ती वर सरकत असेल तर छातीतील प्रसरण पावणाऱ्या हवेला वाट राहत नाही. दुसरा टप्पा क्रिया संपल्यानंतरचा. खोकल्याची उबळ, शिंक वा ओकारी संपताच शरीर एक खोल श्वास आपोआप आत ओढते. हा श्वास रोखणे इच्छेच्या अधीन नसते. त्या क्षणी तोंडात रेग्युलेटर असेल तर हवा मिळते. नसेल तर पाणी आत जाते, आणि पाण्यामुळे पुन्हा खोकला येतो.

यातून दोन नियम निष्पन्न होतात. पहिला, क्रिया सुरू होताच रेग्युलेटर हाताने तोंडाशी दाबून धरावा व तो काढू नये. दुसरा, क्रिया शांत होईपर्यंत वर जाऊ नये. आहे त्याच खोलीवर स्थिर राहावे. पुढील विवेचनातील बहुतेक सूचना या दोन नियमांचाच विस्तार आहेत.

३. खोकला : कारणे व उपाय

बुडीतील खोकल्याची कारणे मुख्यतः चार प्रकारची असतात.

पहिले कारण हवेचा कोरडेपणा. टाकी भरताना हवेतील बाष्प काढून टाकले जाते, अन्यथा टाकी आतून गंजते व यंत्राचे भाग खराब होतात. उच्च दाबाची हवा प्रसरण पावताना थंडही होते. अशी कोरडी, गार हवा घशाला लागते आणि खवखव सुरू होते. बुडीपूर्वी पुरेसे पाणी पिणे, पाण्याखाली संथ श्वास घेणे आणि अधूनमधून लाळ गिळून घसा ओला करणे हे उपाय उपयोगी पडतात.

दुसरे कारण खाऱ्या पाण्याचे तुषार. रबरी मुखभाग दातांत नीट धरला नसेल, तो फाटलेला असेल किंवा बाहेर जाणाऱ्या हवेच्या झडपेत वाळूचा कण अडकला असेल, तर थोडे पाणी आत येते. घाईने, जोराने श्वास घेतल्यास हेच पाणी थेट घशात जाते. अशा वेळी जिभेचे टोक टाळूला टेकवून हवेच्या वाटेत बांध घालावा आणि श्वास हळू घ्यावा. आत पाणी जमले असल्यास प्रथम श्वास सोडून अथवा पुढील बटण दाबून ते बाहेर काढावे आणि मगच श्वास घ्यावा.

तिसरे कारण आधीपासूनचा आजार. सर्दी, दमा, श्वासनलिकेचा दाह किंवा धूम्रपान यांमुळे खोकला येणाऱ्या व्यक्तीने पाण्याखाली जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. कफामुळे एखादी सूक्ष्म श्वासनलिका बंद झाल्यास तिच्या पलीकडील हवा वर येताना अडकून राहते. नियमित श्वास चालू असतानाही फुप्फुसाला इजा होण्याचा संभव त्यामुळे निर्माण होतो. दम्याच्या बाबतीत डॉक्टरांचा निर्णय डावलून बुडी घेणे धोकादायक ठरते ते याच कारणाने.

चौथे कारण तुलनेने विरळ, पण गंभीर आहे. पाण्यात उतरल्यावर हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. काही व्यक्तींत, विशेषतः उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांत, त्यामुळे फुप्फुसांत द्रव झिरपू लागतो. खोकला वाढत जाणे, श्रम न करताही दम लागणे आणि फेसाळ किंवा रक्तमिश्रित थुंकी पडणे ही त्याची लक्षणे होत. येथे थांबून वाट पाहणे योग्य नाही. प्रशिक्षकाला खूण करून नियंत्रित वेगाने वर यावे, पाण्याबाहेर पडावे आणि प्राणवायू व वैद्यकीय मदत मिळवावी.

साधी उबळ आल्यास क्रम असा असावा : हालचाल थांबवावी, शक्य असल्यास दोरीचा आधार घ्यावा, एका हाताने रेग्युलेटर दाबून धरावा, त्यातूनच हवे तितके खोकावे, नंतर संथ श्वास घ्यावा. याच वेळी तळहात आडवा धरून दोन्ही बाजूंना हलवावा. ‘काहीतरी बिघडले आहे’ असा या खुणेचा अर्थ आहे. एरवी ‘उत्तम’ या अर्थाने दाखविला जाणारा उंचावलेला अंगठा पाण्याखाली मात्र ‘वर जाऊ या’ असे सांगतो. विद्यार्थ्यांच्या हातून ही गफलत सहज होते. उबळ थांबत नसल्यास बुडी संपवावी. परंतु वर येणे प्रशिक्षकासोबत, अखंड श्वास घेत आणि मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा अधिक नाही अशा वेगाने असावे.

४. शिंक आणि सर्दी

शिंक येणार याची चाहूल क्षणभर आधी लागते. तेवढ्या वेळात रेग्युलेटरवर हात ठेवावा आणि शक्यतो तोंडावाटे शिंकावे. नाकावाटे जोराने हवा आल्यास ती मास्कच्या कडेतून बाहेर पडते आणि मास्कमध्ये थोडे पाणी शिरू शकते. या पाण्याने घाबरून नाकाने श्वास घेतल्यास ठसका लागतो. त्याऐवजी तोंडाने श्वास घ्यावा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबावी, मान किंचित वर करावी आणि नाकाने श्वास सोडावा. बाहेर पडणाऱ्या हवेसोबत पाणी खालच्या कडेतून निघून जाते. नाक व तोंड दाबून शिंक अडविणे मात्र अनिष्ट होय, कारण तो दाब मध्यकर्णाकडे वळतो.

एखादी शिंक निरुपद्रवी असते; परंतु ती सर्दीची असेल तर प्रश्न बदलतो. मध्यकर्ण ही हवेने भरलेली पोकळी असून ती यूस्टेशियन नलिकेने घशाशी जोडलेली आहे. खाली जाताना बाहेरील दाब वाढतो आणि कर्णपटल आत ढकलले जाते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यास नलिका उघडते व दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. ही पद्धत इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ अँटोनियो व्हाल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांच्या नावाने ओळखली जाते. अवघ्या एका मीटर खोलीवर दाबातील फरक पाऱ्याच्या सुमारे ७६ मिलिमीटरइतका होतो. तो साधारण ९० मिलिमीटरपर्यंत वाढू दिल्यास नलिकेचे तोंड घट्ट मिटते आणि कितीही जोराने फुंकले तरी उघडत नाही. म्हणून पृष्ठभागापासूनच, दुखण्यापूर्वी आणि वारंवार दाब समान करावयाचा असतो. सर्दीत नलिकेची अंतस्त्वचा सुजलेली असल्याने ही क्रिया फसते. कपाळ व गालांच्या हाडांतील पोकळ्यांचीही तीच गत होते. वर आल्यावर मास्कमध्ये दिसणारे रक्त पुष्कळदा याच पोकळ्यांतील असते.

नाक मोकळे करणारी औषधे घेऊन बुडी घेण्याचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. मात्र औषधाचा अंमल पाण्याखालीच ओसरला, तर उतरताना मोकळी असलेली वाट वर येताना बंद होते. प्रसरण पावणारी हवा कानात वा कपाळात अडकते आणि तीव्र वेदना किंवा चक्कर येते. खाली जाताना कान दुखल्यास माघार घेता येते. हवा मात्र मर्यादित असल्याने वर येणे टाळता येत नाही. यास्तव सर्दी असल्यास बुडी पुढे ढकलणे हाच खात्रीचा उपाय आहे.

५. बोट लागणे

मुंबईहून आगबोटीने कोकणात जाणाऱ्या पिढ्यांना ‘बोट लागणे’ हा अनुभव नवा नव्हता. ‘गाडी लागणे’ हा त्याचाच रस्त्यावरील भाऊबंद. या त्रासाचा शरीरबलाशी वा धैर्याशी संबंध नाही. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजातून जगप्रवास करणाऱ्या चार्ल्स डार्विन यांना सफरीभर त्याने छळले. वारंवार समुद्रावर जाणारे खलाशीही त्यातून सर्वस्वी सुटत नाहीत.

सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या उपपत्तीनुसार हा संवेदनांतील विसंवादाचा परिणाम आहे. आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका व सूक्ष्म खडे शरीर हलत असल्याचे मेंदूला कळवितात, तर होडीतील बाक वा हातातील साधनांवर खिळलेले डोळे सर्व काही स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून जांभया, घाम, फिकटपणा, लाळ सुटणे, मळमळ आणि शेवटी उलटी असा क्रम उद्भवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींचा अभ्यास करताना त्यांच्यापैकी पुष्कळांना गरगर फिरविल्यावरही चक्कर येत नसल्याचे नोंदविले होते. आंतरकर्णाच्या सहभागाकडे त्यातून लक्ष वेधले गेले.

स्कूबाच्या होडीवर हा त्रास अधिक जाणवतो याला कारणे आहेत. नांगरलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त डोलते. डोके खाली घालून पट्टे बांधावे लागतात. घट्ट पोशाखात उकडते आणि डिझेलचा धूर नाकात जातो. यास्तव साधनांची जुळणी होडी सुटण्यापूर्वीच करावी. होडीच्या मध्यभागी, धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर ठेवावी. पोट तुडुंब भरलेले नसावे, तसेच रिकामेही नसावे. तेलकट नाश्ता व आदल्या रात्रीचे मद्यपान टाळावे. कोकण किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर वाढतो, त्यामुळे सकाळची वेळ सामान्यतः अधिक शांत असते.

पाण्याखाली गेल्यावर त्रास कमी होतो हा अनुभव बहुतांशी खरा असून त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. लाटेमुळे होणारी पाण्याची हालचाल खोलीनुसार वेगाने घटते. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती पृष्ठभागावरील हालचालीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येते. सहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे ५६ मीटर भरते. म्हणजे ही शांतता २८ मीटरच्या आसपास लाभते. मालवणसारख्या उथळ ठिकाणी परिचयात्मक बुडी याहून कितीतरी वर थांबते. तेथे लाटेचा झोका तळाशीही पुढेमागे जाणवतो. म्हणून ‘पाण्यात उतरलात की बरे वाटेल’ हे आश्वासन उथळ जागी पूर्णतः खरे ठरेलच असे नाही. ज्याला होडीतच उलट्या सुरू झाल्या आहेत, त्याला या आशेवर पाण्यात उतरविणे योग्य नव्हे. उलट्यांमुळे शरीरातील पाणीही कमी झालेले असते.

६. पाण्याखालील उलटी

सर्व काळजी घेऊनही पाण्याखाली ओकारी आल्यास पूर्वोक्त दोन नियम येथेही लागू पडतात. रेग्युलेटर दोन्ही बाजूंनी घट्ट धरून त्यातूनच उलटी करावी. द्रव पदार्थ एकमार्गी झडपेतून बाहेर जातात. दोन उमाळ्यांच्या मध्ये पुढील बटण दाबून यंत्र धुवून घ्यावे आणि पुढचा श्वास जीभ टाळूला लावून सावकाश घ्यावा. अन्नाचे कण झडपेत अडकल्यास पाणी झिरपू लागते. अशा वेळी पर्यायी रेग्युलेटर तोंडात घ्यावा. बहुधा पिवळ्या रंगाचा असल्याने तो चटकन सापडतो. बदल करण्यास लागणारा क्षण दोन उमाळ्यांच्या मध्येच निवडावा. हा सारा प्रकार अप्रिय असला, तरी त्यात यंत्र निकामी होत नाही. उलटी थांबल्यावर प्रशिक्षकासह संथपणे वर यावे.

पृष्ठभागावर असताना उलटी झाल्यास प्रथम उत्प्लावन जॅकेटमध्ये हवा भरून शरीर तरंगते करावे. होडीवर असताना वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूच्या कडेशी, कोणीतरी धरलेले असताना उलटी करावी.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. बुडीनंतर सुरू झालेली चक्कर व उलटी ‘बोट लागली’ एवढ्यावर सोडून देऊ नये. त्यासोबत कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे, तोल जाणे, छातीत दुखणे, बधिरता किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही असल्यास आंतरकर्णाची इजा अथवा रक्तातील बुडबुड्यांचा विकार संभवतो. रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध प्राणवायू देणे आणि पुनर्दाब कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी तातडीने संपर्क साधणे ही प्राथमिक कर्तव्ये होत.

७. औषधांची उपयुक्तता व मर्यादा

बोट लागू नये म्हणून प्रोमेथझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन व मेक्लिझिन ही औषधे प्रचलित आहेत. ती होडीत चढण्यापूर्वी तासभर किंवा त्याहून अधिक आधी घ्यावी लागतात. मळमळ सुरू झाल्यावर जठराचे कार्य मंदावते आणि गोळी पोटात टिकेलच याची शाश्वती राहत नाही. या औषधांचा समान दोष म्हणजे गुंगी. ज्या क्षणी जलद व शांतपणे विचार करावयाचा असतो, त्या क्षणी ही गुंगी घातक ठरते. अधिक खोलीवर नायट्रोजनच्या अंमलाने तीत भर पडते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही गुंगी आणणारे घटक असतात, त्यामुळे दोन्ही गोळ्या एकत्र घेणे टाळावे. कोणतेही औषध प्रथमच बुडीच्या दिवशी घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या सुट्टीच्या दिवशी जमिनीवर त्याचा परिणाम पाहावा.

आपल्याकडे उलटीवर सर्रास घेतले जाणारे ऑनडान्सेट्रॉन हे औषध बोट लागण्याच्या प्रतिबंधासाठी विशेष परिणामकारक नाही, हेही ध्यानात घ्यावे. आल्याच्या गुणाविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तथापि त्याने गुंगी येत नसल्याने आलेपाकाची वडी जवळ ठेवण्यास बहुतेकांच्या बाबतीत हरकत नसावी.

८. किनाऱ्यावरील निर्णय आणि प्राध्यापकांची भूमिका

बुडीपूर्वी वैद्यकीय माहितीचा अर्ज भरून घेतला जातो. आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरात असलेली प्रश्नावली २०२० मध्ये सुधारित झाली. दमा, हृदयविकार, कानाचे आजार, फेफरे इत्यादींविषयी त्यात विचारणा असते आणि ठरावीक उत्तरे ‘होय’ आल्यास डॉक्टरांची संमती आवश्यक ठरते. विद्यार्थी हा अर्ज कोणत्या परिस्थितीत भरतात याचा विचार व्हायला हवा. पैसे आधीच भरलेले असतात, मित्र होडीत चढत असतात आणि ‘होय’ लिहिल्यास आपण एकटेच किनाऱ्यावर राहू ही भीती असते. परिणामी दमा असलेला विद्यार्थी ‘नाही’ वर खूण करतो आणि सर्दी असलेली विद्यार्थिनी गोळी घेऊन गप्प बसते. पाण्याखालील अपघाताची सुरुवात अशी कागदावर होऊ शकते.

ही परिस्थिती बदलणे सोबतच्या प्राध्यापकांच्या हाती आहे. त्यासाठी पुढील उपाय सुचविता येतात.

१) प्रश्नावली सहलीच्या किमान दोन आठवडे आधी महाविद्यालयातच भरून घ्यावी, म्हणजे वैद्यकीय सल्ल्यास अवधी मिळतो.
२) बुडी ऐच्छिक ठेवावी. त्यातून माघार घेणाऱ्यास पैसे परत मिळतील अशी तजवीज करावी आणि त्याच्यासाठी किनाऱ्यावर तितकेच अर्थपूर्ण काम ठेवावे. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टीचे निरीक्षण हे त्याचे उत्तम उदाहरण होय.
३) रेग्युलेटरमधून खोकणे, मास्कमधील पाणी काढणे व खुणा ओळखणे यांचा सराव कमरेइतक्या पाण्यात करून घेण्याचा आग्रह प्रशिक्षकांकडे धरावा.
४) प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, होडीवरील प्राणवायूची सोय आणि जवळच्या रुग्णालयाचा संपर्क यांची खातरजमा आधी करावी.
५) बुडीच्या दिवशी सकाळी प्रत्येकाला सर्दी, खोकला व औषधे यांविषयी एकेकट्याने विचारावे, सर्वांसमोर नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की खोकला, शिंक व उलटी या क्रिया पाण्याखालीही शरीराच्या रक्षणासाठीच घडतात आणि आधुनिक श्वसनयंत्र त्या सामावून घेऊ शकते. धोका उद्भवतो तो यंत्र तोंडातून काढल्याने, श्वास कोंडल्याने आणि घाईने वर आल्याने. ‘रेग्युलेटर धरून ठेवा, थांबा, श्वास चालू ठेवा’ एवढी सूचना प्रत्येक नवशिक्याच्या मनावर बिंबविल्यास बहुतांश प्रसंग किरकोळ ठरतील. सर्दी, दमा आणि तीव्र बोट लागणे यांवर मात्र पाण्याखाली उपाय नाही. त्यांचा निर्णय किनाऱ्यावरच व्हावा लागतो. तो निर्णय प्रामाणिकपणे घेता येईल असे वातावरण विद्यार्थ्यांना लाभणे हे कोणत्याही साधनाइतकेच महत्त्वाचे आहे. समुद्र पुढील हंगामातही तेथेच असणार आहे, आणि आज किनाऱ्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याला तेव्हा बुडी घेता येईल.